बापाच्या पट्टीत यायला लागलेली सोळा वर्षं : नॅटली कोलचं प्रकरण

हे प्रकरण मी लिहायला घेतलं त्याचं कारण घरातलंच आहे. माझे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि गायचे पण. ते गेल्यावर मंडळातले काका म्हणाले आता त्यांचे अभंग तू म्हण, आणि मला ते जमलंच नाही. चाली पाठ होत्या, गळा बरा होता, तरी पहिल्याच ओळीला आवाज बसायचा. मग कितीतरी वर्षं मी दुसरं काय काय गायले, भावगीतं, गझला, अगदी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणीसुद्धा, पण ते अभंग सोडून. मग अमेरिकन गायिका नॅटली कोलबद्दल वाचायला लागले तेव्हा एकदम आपल्या ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं, म्हणून तिचं सगळं करिअर एका प्रश्नाभोवती लावून बघितलं. प्रश्न साधा आहे. नॅट किंग कोलसारख्या एवढ्या मोठ्या गायकाची मुलगी, स्वतःला एवढा चांगला आवाज, मग बापाची गाणी गाऊन पूर्ण अल्बम काढायला वयाची 41 वर्षं का लागली? आणि तिनं तो विशीत काढला असता तर चाललं असतं का?

माझं उत्तर आधीच सांगते, नसतं चाललं. का ते पुढे लिहिते.

आधी घर कसलं होतं ते बघू, कारण नुसतं "संगीताचं घर" म्हटलं की काही कळत नाही. बापाचं खरं नाव नॅथॅनिएल अ‍ॅडम्स कोल्स, जन्म 1919, अलाबामातल्या माँटगोमरीचा. लहानपणीच कुटुंब शिकागोला आलं. त्याचे वडील बाप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक, आई पर्लीना चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि मुलांचं पहिलं संगीत तिच्याकडूनच आलं. थोरला भाऊ एडी बास वाजवायचा, नॅटचं पहिलं रेकॉर्डिंग 1936 मध्ये एडीच्याच बँडबरोबर झालं. धाकटे आईक आणि फ्रेडी दोघंही पियानोवाले आणि गाणारे. म्हणजे चार भाऊ आणि चौघंही त्याच धंद्यात. फ्रेडी तर शेवटपर्यंत उत्तम जॅझ गात राहिला, 2020 मध्ये वारला, आणि त्याच्या एका अल्बमचं नाव होतं "आय अ‍ॅम नॉट माय ब्रदर, आय अ‍ॅम मी". मी माझा भाऊ नाही, मी मी आहे. सख्ख्या भावाला साठीच्या आसपास असं कव्हरवर छापावं लागलं, तर मुलीचं काय झालं असेल ते यावरून समजून घ्या.

आपल्याला नॅट किंग कोल माहीत असतो तो मखमली आवाजाचा गायक म्हणून. मी लहान असताना नाताळात वसईला आमच्या शेजाऱ्यांकडे त्याची कॅसेट लागायची, मला वाटायचं हे कुणीतरी गोऱ्या घरातले आजोबा गातायत. पण मुळात तो जॅझ पियानिस्ट, आणि तोही पहिल्या फळीतला. 1937 पासून त्याचं त्रिकूट होतं, पियानो, गिटार आणि डबल बास, ड्रम नाहीतच. ड्रम नसल्यामुळे ठेका तिघांनी मिळून हातानं धरायचा, त्यामुळे त्याच्या लयीत एक प्रकारचा हलकेपणा आला, कुठे जोर नाही, कुठे घाई नाही. हे पुढे त्याच्या गाण्यात जसंच्या तसं उतरलं. तो गाताना शब्द असा ठेवतो की जणू बोटानं पियानोची पट्टी दाबतोय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आई मारिया, तीही गायिका. जॅझमधला मोठा बँडवाला ड्यूक एलिंग्टन, त्याच्या ऑर्केस्ट्रात गायलेली. तिच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव एलिंग्टन असल्यामुळे तिचंही तेच होतं, पण ड्यूकशी नातं काही नाही. तिला तिच्या मावशीनं वाढवलं, ती मावशी म्हणजे शार्लट हॉकिन्स ब्राउन, नॉर्थ कॅरोलायनात काळ्या मुलामुलींसाठी शाळा उभी केलेली मोठी शिक्षिका, त्यामुळे मारियाचं वळण एकदम शिस्तीचं, बोलणं-चालणं-कपडे सगळं नीट. 1948 मध्ये हार्लेममध्ये लग्न झालं आणि त्याच वर्षी दोघांनी लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क भागात घर घेतलं, जिथे तोवर सगळी गोरी वस्ती. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन विरोध केला, आम्हाला इथे नको असलेली माणसं नकोत म्हणाले, त्यावर नॅटनं शांतपणे सांगितलं की मलाही नकोत, तशी कुणी दिसली तर पहिली तक्रार मीच करीन. हिरवळीवर शिवी जाळून लिहिली गेली, घरच्या कुत्र्याला विष घातलं गेलं. 1956 मध्ये बर्मिंगहॅमला चालू कार्यक्रमात गोरी माणसं स्टेजवर चढून त्याच्यावर तुटून पडली. त्याच वर्षी त्याचा स्वतःचा टीव्ही शो सुरू झाला, मोठमोठे कलाकार येऊन गायचे, पण देशभराचा प्रायोजक एकही मिळाला नाही आणि वर्षभरात बंद करावा लागला.

या घरात 6 फेब्रुवारी 1950 ला नॅटलीचा जन्म. घरात तिला स्वीटी म्हणायचे. मोठी बहीण कॅरोल ही खरं तर मारियाच्या बहिणीची मुलगी, आईबाप गेल्यावर दत्तक घेतलेली, पुढे एक भाऊ दत्तक आला आणि मग जुळ्या बहिणी झाल्या. नॅटली सहा वर्षांची असताना वडिलांच्या ख्रिसमसच्या रेकॉर्डिंगमध्ये गायली, अकराव्या वर्षी लोकांसमोर गायला लागली. म्हणजे आरंभ बघितला तर सरळ रेष दिसते, ही बापाच्या मागून जाणार असंच कुणीही म्हणालं असतं.

नॅट दिवसाला सिगरेटची दोन-तीन पाकिटं ओढायचा, त्याला वाटायचं त्यामुळे आवाजाला खर्ज मिळतो. 15 फेब्रुवारी 1965 ला तो फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला, 45 वर्षांचा होता. नॅटलीचा पंधरावा वाढदिवस होऊन नऊ दिवस झाले होते.

आपल्याला इथे लगेच लताबाई आठवतात. मास्टर दीनानाथ 1942 मध्ये गेले तेव्हा त्या 12 वर्षांच्या होत्या, घर चालवायचं होतं, रडायलासुद्धा वेळ नव्हता, त्या कामाला लागल्या. नॅटलीवर ती सक्ती नव्हती. घरी पैसा होता, आई खंबीर होती, त्यामुळे तिला गाण्यापासून लांब जाता आलं आणि ती गेली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात बालमानसशास्त्र शिकली, 1972 मध्ये पदवी घेतली. तो काळ अमेरिकेत सगळंच उलथंपालथं झालेला, ती चर्चच्या ढंगात गळा सोडून गाणारी अरेथा फ्रँकलिन ऐकत होती, रॉकवाली जॅनिस जॉप्लिन ऐकत होती, आणि त्याच काळात हेरॉइनही घ्यायला लागली. हे तिनं स्वतः आत्मचरित्रात काही न लपवता लिहिलंय, म्हणून मीही लिहितेय, कारण या प्रकरणात ते बाजूला ठेवून चालणारच नाही.

कॉलेजात असताना आणि नंतर ती क्लबमध्ये गायला लागली आणि तिथे पहिल्यांदा खरा पेच समोर आला. क्लबवाले तिला बोलवायचे कारण ती नॅट किंग कोलची मुलगी. लोक यायचे ते बापाची गाणी ऐकायला. आणि ही उभी राहायची आणि रॉक, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, काळ्या अमेरिकनांचं ठेक्याचं संगीत) सुरू करायची, मग लोकांचे चेहरे उतरायचे. आता इथे विचार करा, 22-23 वर्षांच्या मुलीला सोपा रस्ता कुठला होता? बापाची दहा गाणी बसवायची, एक काळा लांब गाऊन घालायचा, आणि हॉटेलांतून आयुष्यभर गात राहायचं. पैसे मिळाले असते, लोक रडले असते, आणि तिचं नाव पोस्टरवर कायम दुसऱ्या ओळीत राहिलं असतं. तिनं ते केलं नाही. लोकांना नाराज करायचा रस्ता घेतला. या सगळ्या केसमधला मला सर्वात मोठा वाटणारा निर्णय तो आहे.

मग ती शिकागोला गेली. तिथे चक जॅक्सन आणि मार्विन यान्सी ही गाणी लिहिणारी, प्रोड्यूस करणारी जोडी भेटली, गायक कर्टिस मेफील्डच्या स्टुडिओत टेप तयार झाल्या. आणि शेवटी तिला घेतलं कुणी, तर कॅपिटॉल रेकॉर्ड्सनं. बापाची कंपनी. हॉलिवूडमधली ती गोल इमारत, जिला लोक आजही नॅटनं बांधलेलं घर म्हणतात, कारण त्याच्या रेकॉर्ड्सच्या पैशावर कंपनी एवढी वाढली. आता बघा हं, ही मुलगी बापाच्या गाण्यापासून पळतेय असं आपण म्हणतोय, पण पळून गेली कुठे तर शिकागोत, जिथे बाप लहानाचा मोठा झाला. काम कुणाबरोबर केलं तर मार्विन यान्सीबरोबर, जो चर्चमधला पियानोवाला आणि बाप्टिस्ट धर्मोपदेशक होता, म्हणजे आजोबांचाच पेशा, आणि 1976 मध्ये त्याच्याशीच लग्न केलं. कंपनी बापाची. फक्त गाणी तेवढी वेगळी. मला वाटतं तिला वडील नको होते असं मुळीच नव्हतं, तिला त्यांच्याशी तुलना नको होती, आणि या दोन गोष्टी बाहेरून बघणाऱ्याला एकसारख्याच दिसतात.

1975 मध्ये "इन्सेपरेबल" अल्बम आला. त्यातलं "धिस विल बी" ऐका, यूट्यूबवर आहे. पियानो सरळ चर्चमधून उठून आलाय, टाळ्या, मागे कोरस, आणि हिचा गळा मोकळा सुटलेला, हरकतीवर हरकत, शेवटी तर शब्द सोडून नुसत्या आवाजावर चाललीय. बापानं आयुष्यात असं एकही गाणं गायलं नसेल. पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाले, एक नवोदित कलाकाराचा आणि एक आर अँड बी गायिकेचा. हा दुसरा फार मोठा होता कारण त्याआधी सलग आठ वर्षं तो फक्त अरेथा फ्रँकलिनला मिळत आला होता. 1977 मध्ये एकाच वर्षात आलेले दोन अल्बम प्लॅटिनम झाले, म्हणजे दहा-दहा लाखांवर खपले. 1979 मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर तिच्या नावाचा तारा बसवला, कॅपिटॉलच्या इमारतीसमोरच. चार वर्षांत ती नॅटली कोल झाली, कुणाची तरी मुलगी राहिली नाही. आणि ज्यांना बारीक कान आहे त्यांनी 1976 चं "मिस्टर मेलडी" ऐकावं, त्यात ती मध्येच जॅझवाल्यांसारखं स्कॅट करते, म्हणजे आपल्याकडे सरगम किंवा नोमतोम करतात तसं अर्थाविना शब्दांनी. घरातलं होतं ते कुठून तरी बाहेर येतच होतं.

पण मग सगळं कोसळलं. कोकेन, आवाज खराब, कार्यक्रम बिघडलेले, लग्न मोडलं. या वर्षांवर मला फार लिहायचं नाहीये, तपशील तिच्या पुस्तकात आहेत. 1983 मध्ये ती मिनेसोटातल्या हेझल्डन व्यसनमुक्ती केंद्रात गेली आणि महिन्याभराचा उपचार न करता सहा महिने राहिली. मला यातले ते सहा महिने महत्त्वाचे वाटतात. चाललेलं करिअर, पाच-सहा वर्षांचा मुलगा घरी, आणि तरी ती थांबली. 1985 मध्ये मार्विन यान्सी वारला. आणि 1987 मध्ये "एव्हरलास्टिंग" आला, त्यातलं "पिंक कॅडिलॅक" पहिल्या पाचात गेलं, 1989 मध्ये "मिस यू लाइक क्रेझी" चाललं. म्हणजे ती दुसऱ्यांदा उभी राहिली, आणि दुसऱ्यांदाही स्वतःच्याच गाण्यावर.

आता बापाच्या गाण्यांना तिनं तोवर हातच लावला नव्हता असंही नाही. 1983 मध्ये जॉनी मॅथिसबरोबर इंग्लंडमध्ये नॅटच्या गाण्यांचा एक अल्बम झाला होता, पण त्यात मोठा कलाकार मॅथिस होता, भार त्याच्यावर होता. आणि 1987 च्या त्या अल्बममध्ये, पिंक कॅडिलॅकच्या शेजारी, "व्हेन आय फॉल इन लव्ह" आहे, जे नॅटचं फार गाजलेलं, पण हिनं ते त्या काळच्या आर अँड बी पद्धतीनं गायलंय, कीबोर्ड वगैरे. मला ते ऐकताना पाण्यात पाय घालून बघितल्यासारखं वाटतं. खोल किती आहे, थंड किती आहे.

बाहेरचं जगही बदललं होतं, हे सांगितल्याशिवाय केस पूर्ण होणार नाही. 1975 मध्ये जुनी स्टँडर्ड्स, म्हणजे तीस ते पन्नासच्या दशकातली गाणी, विकत कोण घेणार होतं? पण 1983 मध्ये लिंडा रॉन्स्टॅट ही रॉकवाली गायिका नेल्सन रिडलच्या ऑर्केस्ट्राबरोबर जुनी गाणी गायली आणि तो अल्बम लाखोंनी खपला. हा रिडल म्हणजे ज्यानं 1951 मध्ये नॅटच्या "अनफर्गेटेबल"ची अरेंजमेंट, म्हणजे वाद्यांची मांडणी, केली होती तोच. 1989 मध्ये हॅरी कॉनिक ज्युनियर त्याच वाटेनं गाजला. तोवर सीडी आली होती आणि चाळिशी-पन्नाशीची माणसं पुन्हा रेकॉर्डच्या दुकानात जायला लागली होती. तरी तिला कंपनी बदलावी लागली, आधी ती ईएमआयकडे होती आणि हा अल्बम आला इलेक्ट्राकडून.

"अनफर्गेटेबल विथ लव्ह" जून 1991 मध्ये आला. 22 गाणी, सगळी वडिलांची. आणि शेवटी ते "अनफर्गेटेबल"चं द्वंद्वगीत, वडील आणि मुलगी, जे सगळ्यांनी ऐकलंय.

ते केलं कसं, हे मला समजून घ्यायचं होतं कारण मी स्वतः थोडंफार रेकॉर्डिंग केलंय आणि मला माहितीये की मिसळलेल्या गाण्यातून त्या काळी आवाज वेगळा काढता येत नव्हता. 1951 चं मूळ गाणं मोनो, सगळं एकत्र. पण नॅटनं 1961 मध्ये आपली जुनी गाणी स्टिरिओसाठी पुन्हा गायली होती आणि तेव्हा त्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर होता. तो ट्रॅक बाजूला काढला, जॉनी मँडेलनं नवी अरेंजमेंट लिहिली, डेव्हिड फॉस्टरनं प्रोड्यूस केलं, अल श्मिटसारखे इंजिनियर बसले, आणि नवा ऑर्केस्ट्रा त्या तीस वर्षं जुन्या आवाजाभोवती बसवला.

आता गाणारीच्या बाजूनं बघा. समोरचा आवाज ठरलेला आहे. पट्टी त्याची, लय त्याची, श्वास कुठे घेतला ते ठरलेलं, कुठला शब्द किती लांबवला ते ठरलेलं. जुगलबंदीत समोरचा आपल्यासाठी थांबतो, आपण चुकलो तर सांभाळून घेतो, एखादी जागा चांगली गेली तर मान हलवतो. इथे समोरचा काहीच करू शकत नाही. सगळं जुळवून घेणं एकटीनं करायचं, आणि ते जुळवून घेतलंय हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आणि त्याचं गाणं ते बोटानं पट्टी दाबल्यासारखं, नेमकं, हलकं. तिथे "धिस विल बी"सारखी एक हरकत जरी घेतली असती तर बाप म्हातारा वाटला असता आणि मुलगी उथळ. ती घेत नाही. ती शब्द ठेवते आणि बाजूला होते. जी बाई गळा मोकळा सोडून स्टेडियम उठवू शकते ती इथे गळा आवरते, आणि हे आवरणं मला तिच्या कुठल्याही वरच्या सुरापेक्षा मोठं वाटतं. सोळा वर्षं स्वतःचं मोकळं गाऊन झाल्यामुळे तिला आता काही सिद्ध करायचं नव्हतं, म्हणून हे आवरता आलं. पंचविशीत ती असं गायली असती तर तिनं बापाची नक्कल केली असती किंवा बापाशी भांडली असती. तिसरं काही शक्य होतं असं मला वाटत नाही.

आणि एक हिशोब मी केला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नॅट 1961 मध्ये ते गायला तेव्हा 42 वर्षांचा होता. नॅटली 1991 मध्ये 41 वर्षांची. म्हणजे त्या गाण्यात बाप आणि मुलगी जवळजवळ एकाच वयाचे आहेत. पंधराव्या वर्षी सुटलेला बाप तिला भेटला तेव्हा दोघं बरोबरीचे झाले होते. लहान मुलीचा आवाज मोठ्या बापाबरोबर असता तर ते गोड झालं असतं, पण हे गोड नाहीये, हे दोन मोठ्या माणसांचं बोलणं आहे.

काही लोकांनी तेव्हा आक्षेप घेतला, मेलेल्या माणसाचा आवाज वापरला, आणि ते मुळात प्रेमिकांचं गाणं, बापलेकीनं कसं म्हणायचं. दुसरा आक्षेप मला पटत नाही, आपण तर विराण्या विठ्ठलाला उद्देशून म्हणतो आणि कुणाला काही वाटत नाही, शब्द तेच राहतात आणि कोण कुणाला म्हणतंय त्यावर अर्थ फिरतो. पहिल्या आक्षेपाबद्दल, आज एआयनं गेलेल्या गायकांकडून नवी गाणी म्हणवून घेतात तेव्हा मलाही राग येतो, पण इथे नॅटच्या तोंडी एक अक्षरही घातलेलं नाही. त्यानं जे गायलं तेच, जसं गायलं तसंच. मुलगी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली एवढंच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अल्बम पहिल्या नंबरावर, फक्त अमेरिकेत 70 लाखांच्या वर प्रती, 1992 च्या ग्रॅमीत वर्षातला अल्बम, वर्षातलं रेकॉर्ड, वर्षातलं गाणं, आणि अरेंजमेंट, रेकॉर्डिंग, निर्मिती धरून या कामाला एकूण सात. समोर ब्रायन अ‍ॅडम्सचं ते गाणं होतं जे आपल्याकडेही तेव्हा कॉलेजात प्रत्येक गिटारवाला वाजवायचा, आर ई एम हा रॉक बँड होता, आणि वर्षातलं गाणं म्हणून निवडलं गेलं ते 40 वर्षांपूर्वीचं, त्याचे गीतकार अर्व्हिंग गॉर्डन स्वतः बक्षीस घ्यायला आले. तरुण समीक्षक चिडले. त्यांचं चिडणं मला समजतं, नवं गाणं म्हणून बक्षीस जुन्याला जावं हे नियमाला धरून असलं तरी विचित्र आहेच.

आणि इथे तिची दुसरी परीक्षा सुरू झाली, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ज्या खोक्यातून बाहेर यायला तिला सोळा वर्षं लागली, त्याच खोक्यात आता लोक तिला प्रेमानं परत बसवायला निघाले, हेच गा, बापाचंच गा, अजून गा. दोन वर्षांनी तिनं "टेक अ लुक" काढला, त्यात वडिलांच्या गाण्यांची दुसरी खेप न काढता इतर जुनी जॅझ गाणी घेतली. आणि शीर्षकाचं गाणं क्लाइड ओटिसचं, जे साठच्या दशकात अरेथा फ्रँकलिननं गायलं होतं. म्हणजे ज्या बाईचा आवाज धरून ती बापापासून लांब गेली होती तिचं गाणं तिनं बापाच्या शैलीत आणलं. त्याला 1994 मध्ये जॅझ गायनाचा ग्रॅमी मिळाला. माझ्या दृष्टीनं ती जॅझ गायिका झाली ती इथे, त्या सात ग्रॅमींच्या रात्री नाही. त्या रात्री ती मुलगी होती.

1996 च्या "स्टारडस्ट"मध्ये "व्हेन आय फॉल इन लव्ह" परत आलं, यावेळी वडिलांच्या आवाजाबरोबर. 1987 चं एकटीचं आणि 1996 चं दोघांचं, दोन्ही लागोपाठ ऐकून बघा, नऊ वर्षांत गळ्यात किती शांतपणा आलाय ते कुणी सांगायला लागत नाही. 2002 मध्ये व्हर्व्ह या जॅझच्या जुन्या कंपनीकडून "आस्क अ वुमन हू नोज" आला, मला तिचा सर्वात आवडता. 2008 मध्ये "स्टिल अनफर्गेटेबल", त्यालाही ग्रॅमी.

त्याच वर्षी तिला हेपटायटिस सी निघाला. तरुणपणी सुईनं घेतलेल्या ड्रग्जमधून आलेला, पंचवीस-तीस वर्षं शरीरात गप्प बसलेला. उपचारांत किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, आणि ते करत करत ती कार्यक्रमही करत होती. टीव्हीवर मुलाखतीत तिनं हे उघडपणे सांगितलं आणि अनोळखी लोकांनी किडनी देऊ केली. 19 मे 2009 ला प्रत्यारोपण झालं, आणि त्याच दिवशी तिची बहीण कॅरोल कॅन्सरनं गेली. एकाच दिवशी. ऑपरेशन पुढे ढकलता येणार नव्हतं, किडनी थांबत नाही. काही महिन्यांत ती परत स्टेजवर होती. 31 डिसेंबर 2015 ला लॉस एंजेलिसमध्ये ती गेली, 65 वर्षांची होती, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढून हृदय थकलं.

मी हे सगळं वाचलं-ऐकलं त्यानंतरच्या आषाढीला मंडळात बसले आणि बाबांचा एक अभंग म्हटला, त्यांच्याच पट्टीत, जी मला जरा खालची पडते. माझी पट्टी घेतली असती तर सोपं गेलं असतं, काकांनी पेटी तशी लावून पण दिली होती, पण मला खालीच जायचं होतं.

शेवटचं एक राहिलं. मार्विनपासून झालेला तिचा मुलगा रॉबर्ट, 1977 चा. तोही संगीतातच आला आणि आईच्या बँडमध्ये वाजवायचा. पणजी चर्चचा ऑर्गन वाजवणारी, आजोबा पियानोचा राजा, दोन चुलत आजोबा पियानोवाले, बापही पियानोवाला, आणि हा ड्रमवर. आजोबांच्या त्रिकुटात नसलेलं वाद्य त्यानं घेतलं. 2017 मध्ये तो 39 व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला, आईच्या मागोमाग दोन वर्षांच्या आत. पण तिच्या शेवटच्या काळातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ बघताना माझं लक्ष आता मागच्या ड्रमकडेच जातं, ती पुढे उभी राहून आपल्या बापाची गाणी गातेय आणि मागून तिचा मुलगा ब्रशनं हळू ठेका धरतोय.